पंख्याच्या पात्यावरचं नाव

मराठी साहित्यात बौद्ध बाई आपल्याला साधारण दोन वेळा भेटते. पहिल्यांदा १९५६ च्या आधी. तेव्हा ती उपाशी असते, राबत असते, मार खात असते, आषाढात तिच्या अंगात येत असतं. दुसऱ्यांदा ती भेटते ऑक्टोबर १९५६ मध्ये. पांढरं लुगडं नेसून, पोर कडेवर घेऊन ती नागपूरच्या वाटेला लागलेली असते. परत आल्यावर घरातले देव टोपल्यात भरून नदीला सोडते. त्यानंतर ती दिसेनाशी होते. तिची मुलं शिकतात, शहरात जातात, कविता लिहितात. त्या कवितांमध्ये ती पुन्हा येते, पण तेव्हा ती फक्त 'आई' असते.

मला त्या मधल्या बाईबद्दल लिहायचं आहे. देव नदीला सोडले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून रिकाम्या कोनाड्याकडे पाहणारी बाई. पोराला ताप आला तर आता कोणाचं नाव घ्यायचं? लग्नात अक्षता टाकायच्या की फुलं? कोणता सण पाळायचा, कोणता सोडायचा? मयतीच्या घरी जाऊन म्हणायचं काय? दीक्षा एका दिवसात घेता येते. धर्म घरात आणून बसवायला वर्षं लागतात, आणि ते काम सभेत होत नाही, चुलीपाशी होतं.

हे काम करणारीला बौद्ध परंपरेत जुना शब्द आहे: उपासिका. भिक्खुणी न होता, घरसंसार सांभाळून त्रिसरण-पंचशील पाळणारी बाई. आमच्या नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी भागात हा शब्द रोजचा आहे. विहारातल्या माइकवरून 'उपासक-उपासिकांनो' अशी हाक गावभर ऐकू येते. मराठी समीक्षेत मात्र हा शब्द शोधावा लागतो. असं का झालं, आणि त्यामुळे आपण काय गमावतोय, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पवनीचा दगड

नागभीडच्या उत्तरेला, भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठावर पवनी आहे. नागपूर-नागभीड नॅरोगेज चालू होती तेव्हा त्या मार्गावर 'पवनी रोड' नावाचं एक स्टेशन लागायचं. या पवनीत १९६९-७० साली शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली उत्खनन झालं. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांचं ते मिळून केलेलं काम होतं. जमिनीखालून मोठे स्तूप निघाले, आणि त्यांच्या दगडी अवशेषांवर ब्राह्मी लिपीत कोरलेली दात्यांची नावं निघाली. ही अक्षरं इसवीसनाच्या आधीची आहेत.

त्यांतलं एक नाव आहे विसमिता. लेख इवलासा आहे. हे विसमितेचं दान आहे, आणि ते सगळ्या जिवांच्या सुखासाठी होवो, असा त्याचा अर्थ. बस्स. बाप कोण, नवरा कोण, जात कोणती, यांतलं काही नाही. पुण्य स्वतःपुरतं न ठेवता सगळ्यांना वाटून टाकायची कल्पना भारतात किती जुनी आहे, यावर वाद घालणारे अभ्यासक या ओळीपाशी थांबतात. म्हणजे बौद्ध विचाराच्या इतिहासातला एक महत्त्वाचा पुरावा आमच्या शेजारच्या गावात सापडला, आणि तो एका बाईच्या नावावर आहे.

महाराष्ट्रातल्या लेण्यांमध्ये अशा बायका जागोजागी आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांमध्ये विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेचा लेख आहे. आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षातला, म्हणजे तिसऱ्या शतकातला. तो लेख मला फार आवडतो, कारण त्यात भक्तीपेक्षा हिशेब जास्त आहे. विष्णुदत्तेने पैसे वेगवेगळ्या कारागिरांच्या श्रेणींकडे कायमच्या ठेवी म्हणून ठेवले. एका श्रेणीकडे १००० कार्षापण, पाण्याची यंत्रं करणाऱ्यांकडे २०००, तेल काढणाऱ्यांकडेही काही. या ठेवींच्या व्याजातून काय करायचं, तेही सांगून ठेवलं: डोंगरावरच्या विहारात राहणाऱ्या भिक्खूंपैकी जो आजारी पडेल त्याला औषध.

धर्म म्हणजे काय, याचं या बाईचं उत्तर बघा. तिला मूर्ती नको, कळस नको. आजारी माणसाला औषध मिळालं पाहिजे, आणि आपण मेल्यावरही मिळत राहिलं पाहिजे. त्यासाठी मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर भागवायचं. बचत गट चालवणाऱ्या कुठल्याही बाईला हा लेख लगेच कळेल.

आता आमच्या भागातल्या कुठल्याही विहारात जा आणि मान वर करा. पंख्याच्या पात्यावर रंगाने नाव लिहिलेलं असतं. अमुकच्या स्मरणार्थ, अमुकबाईंकडून दान. सतरंजीच्या कोपऱ्यावर नाव, खिरीच्या गंजावर टाकीने ठोकलेलं नाव, पाण्याच्या टाकीवर नाव. विसमितेने दगड दिला, या बायकांनी उषाचा पंखा दिला. दोन्ही ठिकाणी मजकूर तोच: कोणी दिलं, कोणासाठी दिलं. दोन हजार वर्षांत उपासिकेने स्वतःबद्दल लिहिलेला हा बहुधा एकमेव साहित्यप्रकार आहे, दानलेख. आणि त्याची अडचणही उघड आहे. त्यात ती देताना दिसते. देण्याआधी आणि दिल्यानंतर ती काय विचार करत होती, ते त्यात मावत नाही.

ते मावायला गोष्ट लागते, आत्मकथन लागतं, कादंबरी लागते. म्हणून मी आपल्या पुस्तकांकडे वळते.

वेदना, नकार, विद्रोह, आणि मग?

दलित साहित्य वाचायला आपण शिकलो ते काही ठरलेल्या शब्दांतून. वेदना, नकार, विद्रोह. हे शब्द फुकट मिळालेले नाहीत. ते नसते तर अर्धं मराठी साहित्य आपल्याला वाचताच आलं नसतं. पण कोणतंही माप वापरताना त्यात काय मावत नाही तेही बघावं लागतं. रोज संध्याकाळी सातला वंदना घेणारी बाई वेदनेत बसत नाही, नकारात बसत नाही, विद्रोहातही ओढूनताणून बसवावी लागते. ती काहीतरी उभं करते आहे. उभं करण्यासाठी आपल्याकडे समीक्षेचा शब्दच नाही.

बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' घ्या. आधी 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं, १९८६ साली पुस्तक झालं. फलटणला दुकान चालवता चालवता, घरच्यांपासून लपवून बेबीताईंनी ते लिहिलं होतं. या पुस्तकातला जुना धर्म इतका बारकाईने येतो की वास येतो. आषाढातली सारवणं, पोतराज, हळद, अंगात आलेल्या बायका, बाळंतिणीचे हाल. ज्या धर्मातून बाहेर पडायचं होतं त्याचा असा कानाकोपरा नोंदवणारं दुसरं पुस्तक मराठीत शोधूनही सापडणं अवघड.

नव्या धर्माला मात्र पुस्तकात तेवढी जागा नाही. याचं एक कारण काळ: पुस्तकाचा मोठा भाग धर्मांतराच्या आधीच्या जगाचा आहे. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जो धर्म सोडला त्याचं वर्णन करावंसं वाटतं, कारण तो आता लांब गेलेला असतो. जो धर्म आपण जगतोय तो हवेसारखा असतो, त्याचं काय वर्णन करायचं? बेबीताईंच्या लेखनात बुद्ध आणि बाबासाहेब प्रकाशासारखे येतात. त्या प्रकाशात घर कसं झाडलं गेलं, ते वाचकाला स्वतःच ताडावं लागतं.

आणखी एक गोष्ट. नवऱ्याने आपल्याला मारल्याचं बेबीताईंनी पुस्तकात स्पष्ट लिहिलं नाही. ते त्यांनी पुढे माया पंडित यांना मुलाखतीत सांगितलं. २००८ साली आलेल्या इंग्रजी अनुवादासोबत ते छापलं गेलं. म्हणजे समाजाची गोष्ट सांगताना स्वतःची गोष्ट बाजूला ठेवायची, हा निर्णय त्यांनी केला होता. स्वतःच्या मारापुरतं जर हे खरं, तर स्वतःच्या श्रद्धेपुरतंही ते खरं असणार. समाजाच्या पुस्तकात 'मला वंदनेच्या वेळी काय वाटतं' हे वाक्य लिहायला जागा नसते.

उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) धर्मांतर येतं, घर बदलतं, आणि मग लेखिकेची नजर शिक्षण, नोकरी, लग्न, मुंबई, स्त्री-चळवळ, लेखन या वाटेने पुढे जाते. ही वाट तिची आहे आणि ती तिने फार मोकळेपणाने लिहिली आहे, नवऱ्याशी झालेल्या ताणासकट. पुस्तकाचं नाव आलं आहे आईच्या विणकामावरून, बांबूच्या टोपल्या-सुपांवरून. आईचे हात आपल्याला पानोपानी दिसतात. आईचं मन बुद्धाकडे कसं वळलं, किंवा किती वळलं, हे जाणून घ्यायची भूक मात्र शिल्लक राहते.

कुमुद पावडे यांच्या 'अंत:स्फोट'मध्ये (१९८१) नागपूर आहे, संस्कृत आहे, आणि दलित बाईने संस्कृत शिकल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर उमटणारे भाव आहेत. ज्या भाषेने आपल्याला बाहेर ठेवलं ती भाषा कमावण्याची ही गोष्ट आहे. पाली गाथा पाठ करणाऱ्या, अर्थ शोधत बसणाऱ्या, पण पदवी नसलेल्या बायकांची गोष्ट तिच्या शेजारी ठेवायला हवी होती. ती कोणी लिहिली नाही.

सर्वांत जवळ जातं ते उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९). या दोघी गावोगाव हिंडल्या, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या शोधल्या, त्यांना बोलतं केलं. २० जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्वाला आळा हवा, असे ठराव तिथे हजारो बायकांसमोर झाले. हे आज आपण सहज सांगतो, त्यामागे या दोघींचे कष्ट आहेत. पण त्यांचा प्रश्न होता: चळवळीत तुम्ही काय केलंत? तो प्रश्न आधी विचारणं भागच होतं. आता पुढचा प्रश्न आपल्या पिढीने विचारायचा आहे: आणि घरी?

कवितेत तर आई फारच ठरलेल्या रूपात येते. नागपूरचेच दोन कवी, वामन निंबाळकर आणि ज्योती लांजेवार. दोघांचीही 'आई' नावाची कविता गाजली. निंबाळकरांची आई रानातून सरपण आणते आणि साप चावून मरते. लांजेवारांची आई ओझं वाहते, राबते, ताठ उभी राहते. दोन्ही कविता मोठ्या आहेत. त्या वाचल्यावर मला नेहमी वाटतं, या आईला कोणीतरी एकदा खाली बसवा. तिला डोळे मिटू द्या. ती डोळे मिटून काय बघते, ते विचारा.

एशिन्नीची दहा पत्रं

हा प्रश्न फक्त आपला नाही. मध्ययुगीन जपानमधल्या बौद्ध गृहिणींचा अभ्यास करणाऱ्यांपुढे हीच अडचण होती, आणि त्यांनी ती कशी सोडवली ते आपल्याला उपयोगी पडेल.

तिथल्या धर्मग्रंथांवरून गेलं तर चित्र भयंकर आहे. बाईला बुद्धत्व मिळायला पाच अडथळे असतात, असं मानलं जायचं. कोयासारख्या पवित्र पर्वतांवर तिला पाऊल ठेवायची बंदी. मध्ययुगाच्या उत्तरार्धात तर रक्तकुंडाच्या नरकाचं सूत्र पसरलं: पाळीच्या आणि बाळंतपणाच्या रक्ताने जमीन-पाणी विटाळतं, म्हणून बायका मेल्यावर रक्ताच्या कुंडात पडतात. वाचणारीला वाटेल, या बायका धर्माखाली दबून गेल्या असतील.

पण कागदपत्रं वेगळंच सांगतात. दानपत्रं, मृत्युपत्रं, खासगी पत्रं. बायका जमिनी दान करत होत्या, सूत्रं लिहून घेत होत्या, नवरा गेल्यावर केस कापून घरातच राहून धर्माचरण करत होत्या. होजो मासाको ही तर ११९९ साली नवरा वारल्यावर अशीच दीक्षा घेऊन सत्ता सांभाळत राहिली; लोक तिला 'भिक्खुणी शोगुन' म्हणायचे.

सर्वांत जवळची वाटते ती एशिन्नी. जोदो शिन्शू हा जपानातला फार मोठा बौद्ध पंथ. त्याचा संस्थापक शिनरान, आणि ही त्याची बायको. १९२१ साली क्योतोच्या निशि होंगान्जी मंदिराच्या भांडारात तिची दहा पत्रं सापडली. १२५६ ते १२६८ या काळात एचिगो नावाच्या दूरच्या प्रांतातून तिने मुलीला, काकुशिन्नीला, लिहिलेली. गंमत म्हणजे शिनरान नावाचा माणूस खरंच होऊन गेला का, अशी शंका त्या वेळी काही विद्वान घेत होते. बायकोच्या पत्रांनी ती शंका मिटवली.

त्या पत्रांत काय आहे? दुष्काळ आहे. तापाने मेलेले नोकर आहेत. कपड्यांची चणचण आहे. जिवंतपणीच स्वतःसाठी एक दगडी स्तूप उभारायची इच्छा आहे. आणि एक स्वप्न आहे. आपला नवरा म्हणजे कन्नोन, म्हणजे अवलोकितेश्वर, असं तिला खूप वर्षांपूर्वी स्वप्नात दिसलं होतं. स्वप्नाचा अर्धा भाग, नवऱ्याच्या गुरूंबद्दलचा, तिने नवऱ्याला सांगितला. उरलेला सांगितलाच नाही. तो वारल्यावर मुलीला पत्रात लिहिला.

एका ओळीत किती आहे बघा. संसार, संकोच, श्रद्धा, आणि नवऱ्यापासून आयुष्यभर जपलेली एक गोष्ट. शिनरानच्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत हे मिळणार नाही. पंथ कसा जगला जात होता ते या पत्रांतून कळतं.

एक फरक इथे सांगितलाच पाहिजे. एशिन्नीच्या पदरी नोकर होते, आणि दहांपैकी काही कागद ते नोकर मुलीच्या नावे करून देण्याचे आहेत. विष्णुदत्ता अधिकाऱ्याच्या घरची होती. ज्यांच्याकडे मालमत्ता असते त्यांचे कागद उरतात. आमच्या भागातल्या बाईकडे द्यायला रोवणीची मजुरी होती. तिचं दान दगडावर कोरलं गेलं नाही, पंख्याच्या पात्यावर रंगवलं गेलं, आणि पुढच्या रंगकामात ते पुसलं जाईल.

रोवणीच्या दिवसांतलं वाचन

आमच्याकडे आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. बुद्धाच्या काळी पावसाळ्यात भिक्खू एका जागी थांबायचे. आमच्या गावांत भिक्खू क्वचितच असतात, म्हणून थांबण्याचं काम उपासिकांनी स्वतःकडे घेतलं. हे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. बाबासाहेबांचा हा ग्रंथ त्यांच्या परिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रकाशित झाला.

आता हा काळ शेतीच्या हिशेबात बघा. झाडीपट्टी म्हणजे धानाचा मुलूख. आषाढ-श्रावण म्हणजे पऱ्हे उपटून बांध्यांमध्ये रोवणी करायचे दिवस. सकाळपासून कमरेत वाकून, चिखलात पाय, डोक्यावर मोरा किंवा प्लास्टिकचा कागद. दिवेलागणीला घरी यायचं, आंघोळ करायची, भात टाकायचा, पांढरी साडी नेसायची आणि विहारात येऊन बसायचं. वाचणारी एक, ऐकणाऱ्या तीस-चाळीस. कोणी पेंगतं, कोणाच्या मांडीवर नातू झोपलेला असतो. वाचणारी अडखळली की मागून कोणीतरी शब्द पुरवतं, आणि बऱ्याचदा तो शब्द पुरवणारीला वाचता येत नसतं.

आमच्या ओळखीच्या अशा एका आजींना मी विचारलं होतं, वाचता येत नाही तर हे पाठ कसं? त्या म्हणाल्या, "मले वाचता नाही येत बाई, पन मी आयकतो ना." (आमच्याकडे बायकाही 'मी ऐकतो, मी जातो' असंच बोलतात.) "एका सालात नाही समजत. दुसऱ्या सालात थोडं समजते. आता लय सालं झाले."

समीक्षक म्हणून मला हे वाचन थक्क करतं. एक जाड वैचारिक ग्रंथ. त्यात दुःख, अनात्म, कर्म, निर्वाण यांची चर्चा. शहरातल्या पुस्तकप्रेमींच्या कपाटात तो न उघडता उभा असतो. इथे तो दरवर्षी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचला जातो आणि आश्विन पौर्णिमेला खीर वाटून संपवला जातो. वाचकवर्ग घटला म्हणून आपण परिसंवाद घेतो. या वाचकवर्गाला कोणी मोजतच नाही. त्यांना काय आवडलं, कुठे रडू आलं, कोणता भाग पटला नाही, याची एकही नोंद आपल्याकडे नाही. सिद्धार्थ यशोधरेचा निरोप घेतो त्या प्रसंगी विहारात जी शांतता पसरते ती मी ऐकली आहे. त्या शांततेवर एक आख्खी कादंबरी उभी राहू शकते.

खिरीत काय अडकतं

आता आक्षेप. तो माझ्याच वयाचे मित्र घेतात, आणि तो हलका नाही. हे सगळं नवं कर्मकांडच नव्हे का? पौर्णिमेचा उपवास, पांढरी साडी, खीर, परित्राण पाठाला मनगटाला बांधलेला धागा. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या जुनं सोडण्यासाठी, आणि आपण जुन्याचंच रंगकाम करून घेतलं?

मला वाटतं, लेखकांनी उपासिकेला टाळलं त्यामागे ही अवघड जागा आहे. विवेकवादी चळवळीतून आलेल्या लेखकाला धागा बांधलेली आई दाखवायचा संकोच वाटतो. जात्याभिमानी वाचक त्यावर काय म्हणेल, ही धास्तीही असते. मग आईला सरपण आणायला पाठवणं सोपं जातं.

पण साहित्याचं काम नेमकं अशा जागीच असतं. धागा आणि गंडा यांत फरक काय, हा प्रश्न त्या बाईला स्वतःला पडत नसेल असं समजणं हा तिचा अपमान आहे. कोणी सांगेल, गंडा भुताच्या भीतीने बांधायचो, हा धागा आपण सगळे एकत्र बसलो त्याची आठवण म्हणून बांधतो. कोणी सांगेल, मला काही फरक वाटत नाही, पण बांधल्यावर बरं वाटतं. तिसरी बांधूनच घेणार नाही आणि त्यावरून सासूशी भांडेल. ही तिन्ही उत्तरं एकाच विहारात, एकाच सतरंजीवर बसलेली असतात. यातलं एकही पात्र मला मराठी कथेत नीट भेटलेलं नाही.

दुसरा आक्षेप माझा स्वतःचा आहे. सतरंजीवर बायका असतात, पण विहाराची किल्ली आणि पावतीपुस्तक बहुतेक ठिकाणी कोणाकडे असतं? १४ एप्रिलच्या मंचावर खुर्च्या कोणाच्या असतात? तीन महिने ग्रंथ वाचून काढणारी बाई समारोपाच्या दिवशी खीर ढवळत असते, आणि ग्रंथावर भाषण द्यायला बाहेरगावचा वक्ता येतो. पवनीच्या दगडावर विसमितेला स्वतःचं नाव एकटं कोरता आलं. आजच्या पंख्यावर बाईचं नाव येतं ते बऱ्याचदा तिच्या नवऱ्याच्या स्मरणार्थ, किंवा ती स्वतः वारल्यावर. हे लिहिल्याशिवाय उपासिकेचं गोड चित्र काढणं म्हणजे पुन्हा एकदा 'आई'च लिहिणं होईल.

थोडक्यात, मला ना तिची आरती हवी आहे, ना तिची चूक दाखवणारा लेख. मला ती माणूस म्हणून हवी आहे, तिच्या श्रद्धेसकट आणि शंकांसकट.

खुज्जुत्तरा

पाली परंपरेत एक दासी आहे, खुज्जुत्तरा. पाठीला कुबड असलेली, कोसंबीच्या राणीसाठी फुलं आणायला जाणारी. फुलांच्या पैशांतले काही ती स्वतःकडे ठेवायची, असंही परंपरा सांगते. आदर्श बाई म्हणून तिला रंगवलेलं नाही. ती बुद्धाचं प्रवचन ऐकायला लागली. राजवाड्यातल्या बायकांना बाहेर जायला मिळत नसे, म्हणून ती ऐकून यायची आणि त्यांना जसंच्या तसं सांगायची. परंपरा म्हणते, 'इतिवुत्तक' हा त्रिपिटकातला ग्रंथ तिने लक्षात ठेवलेल्या वचनांचाच आहे. बहुश्रुत उपासिकांमध्ये तिला पहिलं स्थान आहे. बहुश्रुत, म्हणजे जिने पुष्कळ ऐकलं आहे ती.

आमच्या आजींचं "मी आयकतो ना" मला तिच्या शेजारी ठेवावंसं वाटतं.

१६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली, नागपूरनंतर दोनच दिवसांनी. त्या दिवशी मैदानात असलेल्या मुली आज ऐंशीच्या पुढे आहेत. रिकाम्या कोनाड्यासमोरची ती सकाळ ज्यांना आठवते अशा बायका नागभीडच्या आसपास अजून आहेत, पण दर वर्षावासाला सतरंजीवरची एखादी जागा कमी होते. त्यांच्याकडे एशिन्नीसारखी पत्रं नाहीत. काहींकडे गाण्यांच्या वह्या आहेत, नातवंडांच्या शाळेच्या वहीत मागच्या पानांपासून लिहिलेल्या. महिला मंडळाच्या वर्गणीचे हिशेब आहेत. बाकी सगळं तोंडी आहे.

तुमच्या खिशात फोन आहे, त्यात आवाज रेकॉर्ड होतो. दिवाळीला घरी जाल तेव्हा आजीला १९५६ ची सभा विचारू नका, ती तिने खूपदा सांगितली आहे. सभेनंतरच्या पहिल्या सणाला घरात काय रांधलं होतं, ते विचारा.